बार भरणारे हात

जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या पुढे, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आसई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे वेलस्लीच्या फौजेची शिंद्यांच्या कवायती कंपूंशी गाठ पडली. कोण कुठून आलं, कुणी कुठे नदी ओलांडली हे सगळं पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला या लढाईतली एक फार साधी गोष्ट छळते. त्या दिवशी प्रत्येक शिपाई आपला बार स्वतःच्या हाताने भरत होता, दर गोळीला, नव्याने.

चकमकीची बंदूक. तोस्तानातून (म्हणजे काडतुसांच्या कातडी पेटीतून) कागदी काडतूस काढायचं, दाताने फाडायचं, चिमूटभर दारू रंजकाला, उरलेली नळीत, वरून गोळी आणि कागद, मग गजाने ठासायचं. चांगला शिकलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. एवढाच वेग असेल तर समोरच्याला मधल्या वेळात अंगावर धावून येता येतं. ७८ वी हायलँडर पलटण जवळ जाऊन एक फैर झाडून संगिनी रोखून धावली, ती याच हिशोबाने. तरीही शिंद्यांच्या तोफांनी किंमत वसूल केलीच. इंग्रजांची साडेचार हजारांच्या आसपास माणसं लढत होती, त्यातली दीड हजारांहून जास्त ठार किंवा जखमी झाली.

आपण १८५७ मुळे कागदी काडतूस म्हटलं की फक्त चरबी आठवतो. पण त्या आधी ते काडतूस ही केवढी तरी मोठी सोय होती! शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. दर वेळी मापून दारू ओतण्याऐवजी कुणीतरी आधीच निवांत बसून, लाकडी दांडीवर कागद गुंडाळून, मापाने दारू भरून, दोऱ्याने बांधून ठेवलेली. म्हणजे मापण्याचं काम घाबरलेल्या माणसाच्या हातून काढून बसलेल्या माणसाच्या हातात दिलं.

घाबरलेला माणूस काय करतो त्याचं उदाहरण अमेरिकेत सापडतं. १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा झाल्या. बहुतेक भरलेल्या होत्या, आणि हजारोंमध्ये एकावर एक बार ठासलेले. पहिला बार उडालाच नाही हे त्या गोंधळात कळलं नाही आणि हात मात्र शिकवल्याप्रमाणे चालत राहिले. आज हौसेने ठासणीची बंदूक वापरणारे गजावर खूण करून ठेवतात. खूण वर दिसली की समजायचं, आत काहीतरी आहे.

पुढे पितळी पुंगळी आली आणि भरण्याचं काम रणांगण सोडून कारखान्यात गेलं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जालन्याहून उत्तरेला गेलं तर भुसावळजवळ वरणगावचा, १९६४ चा. तिथे एकेक काडतूस बनवणारा असा कुणी माणूस नसतोच. असते ती यंत्रांची रांग, आणि तपासणी हे वेगळं काम.

अमेरिकेत मात्र हौशी नेमबाज रिकाम्या पुंगळ्या वेचून घरी नेतात आणि पुन्हा भरतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, तेव्हा इथे कुणी हा उद्योग मनात आणू नये.) त्यांचा साधा प्रेस एका वेळी एकच काम करतो. आधी शंभर पुंगळ्या मापात आणायच्या, मग शंभरांना नव्या टोप्या बसवायच्या, मग दारू, मग गोळी. तासाला पन्नास-साठ झाली तर झाली. बहुटप्पी प्रेसमध्ये खाली फिरती चकती असते. दांडा एकदा ओढला की चार-पाच पुंगळ्यांवर चार-पाच वेगळी कामं एकदम होतात आणि दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं. तासाला चार-पाचशे. ॲरिझोनाच्या डिलन कंपनीने १९८० च्या दशकात हे यंत्र घराघरात पोचवलं.

म्हणजे कारखाना टेबलावर आला. पण तपासणारा वेगळा माणूस काही आला नाही.

जुन्या प्रेसवर दारू भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या असतात. वरून बॅटरी मारली की पन्नास पुंगळ्यांतली एक रिकामी किंवा दुप्पट भरलेली लगेच डोळ्यात भरते, कारण शेजारच्या एकूणपन्नास साक्षीला असतात. बहुटप्पी यंत्रावर हीच पुंगळी क्षणभर समोर येते आणि पुढे सरकते. दारूच नसलेलं काडतूस उडालं तर टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटते. गेटिसबर्गचीच गोष्ट, फक्त आता शत्रू समोर नाही, घरातल्या गॅरेजात रेडिओ चालू आहे.

म्हणून ही मंडळी काय काय करतात! यंत्रावर छोटा दिवा लावतात, पुंगळीत डोकावता यावं म्हणून आरसा बसवतात. दारूची पातळी चुकली की ओरडणारं एक उपकरणही मिळतं. आणि नवा प्रेस घेतला तरी जुना कित्येकजण टेबलावरून काढत नाहीत. सरावाची काडतुसं नव्यावर, लांब पल्ल्याच्या नेमाची जुन्यावर, एकेक करून.