कानात की कानावर?

एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिले तर एक गंमत दिसते. काहींच्या कानांत बोंडाएवढे इअरफोन असतात, तर काहींच्या कानांवर वाटीएवढे हेडफोन. वस्तू सुधारत जाते तशी ती लहान होत जाते, असे आपण घड्याळापासून गणकयंत्रापर्यंत पाहत आलो आहोत. मग कानाच्या नळीत सहज मावणारे साधन उपलब्ध असताना काही जण ते काढून ठेवतात आणि प्रवासातसुद्धा मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घालतात, ते का? ही नुसती फॅशन आहे का? उत्तरासाठी आपल्याला १८९१ सालापर्यंत मागे जावे लागेल.

लहान आधी, मोठे नंतर

त्या वर्षी अर्नेस्ट मर्कादिए या फ्रेंच अभियंत्याने दूरध्वनी ऐकण्यासाठी कानात बसणाऱ्या श्रवणयंत्रांच्या जोडीचे अमेरिकेत पेटंट घेतले. तिचे वजन होते जेमतेम ५० ग्रॅम. टोकांना रबराची टोपणे होती. त्यांचे काम दुहेरी होते: कानाला काचू न देणे आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणे. म्हणजे 'कानात' ही कल्पना आजची नव्हे.

मोठे हेडफोन आले ते वेगळ्या गरजेतून. अमेरिकेतील युटा राज्यातल्या नॅथानिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून ते अमेरिकन नौदलाकडे पाठवले. बिनतारी संदेश तेव्हा अतिशय क्षीण असत. बाल्डविन यांची जोडी इतकी संवेदनशील होती की नौदलाने ती मागवायला सुरुवात केली. पुढे १९३७ साली बर्लिनच्या बायर कंपनीने चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचा हेडफोन बाजारात आणला. १९५८ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी खास संगीत ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन तयार केला. हे सगळे हेडफोन खुर्चीत बसून वापरायचे होते.

रस्त्यावर संगीत आणले ते १ जुलै १९७९ रोजी विक्रीस आलेल्या सोनीच्या वॉकमनने. खिशातल्या यंत्राला ३००-४०० ग्रॅमचा हेडफोन शोभला नसता. त्यामुळे सुमारे ५० ग्रॅमचा, स्पंजच्या गाद्या असलेला हेडफोन त्याच्याबरोबर दिला गेला. तो हलका होता, पण स्पंजमधून संगीत बाहेर झिरपे आणि बाहेरचा गोंगाट आत शिरे. गाडीची धडधड वाढली की ऐकणारा आवाज वाढवी. खरी अडचण इथे सुरू झाली.

बुचाचा गुण आणि दोष

ही अडचण दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे कानाला बूच लावणे. अमेरिकेतील श्रवणशास्त्रज्ञ मीड किलियन यांच्या संस्थेने १९९१ साली कानाच्या नळीत खोलवर बसणारे इअरफोन आणले. घट्ट बसले तर ते बाहेरचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी करतात, म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारावा भाग उरते. १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी रंगमंचावर वापरायचे, कानाच्या साच्यानुसार घडवलेले इअरफोन बनवले. ड्रमच्या दणदणाटात स्वतःचे संगीत ऐकायचे तर गोंगाट बाहेर ठेवणे भागच होते.

बूच लावलेल्या नळीत हवा अगदी थोडी असते. त्यामुळे इवलासा पडदा हलला तरी हवेचा दाब पुरेसा बदलतो आणि खर्जाचे स्वरही भरदार ऐकू येतात. मात्र कडेला बारीकशी फट राहिली की हा दाब निसटतो आणि खर्ज नाहीसा होतो.

बुचाचा दोष समजण्यासाठी एक प्रयोग वर्गात करून पाहता येईल. दोन्ही कानांत हलकेच बोटे घालून तोंड मिटून गुणगुणायला सांगा. आवाज एकदम घुमू लागेल. आपल्या आवाजाची कंपने हाडांतून कानाच्या नळीच्या भिंतींपर्यंत पोहोचतात. एरवी ती उघड्या नळीतून बाहेर पडतात. नळी बंद झाली की आतच कोंडली जातात. म्हणूनच असे इअरफोन घालून चालताना पावलांचे ठोके आणि वायर कपड्यांना घासल्याची खरखर कानात मोठी होते. शिवाय तासन्‌तास घातलेले बूच नळीला टोचते, आत घाम साचतो.

कान झाकणारी वाटी हे सगळे बरेच टाळते. ती नळीला शिवत नाही आणि वाटीत हवा जास्त असल्याने घुमणे कमी होते. किंमत मात्र मोजावी लागते. वजन वाढते, उन्हाळ्यात कान घामेजतात आणि चष्म्याच्या काडीमुळे गादीखाली फट राहते.

खालच्या सुरांचा गोंगाट

आणखी एक उणीव आहे. साधी वाटी चिरके आवाज चांगले अडवते, पण इंजिनाची घरघर तिला नीट अडवता येत नाही. १०० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. अशा ध्वनीने वाटीच पुढेमागे हलते आणि गादीच्या फटींतूनही तो आत शिरतो. इथे एक जुनी कल्पना कामी आली. जर्मनीच्या पॉल लुएग यांना १९३६ साली अमेरिकेत एक पेटंट मिळाले होते. ध्वनीच्या नेमक्या उलट कलेचा ध्वनी सोडला तर दोन्ही एकमेकांना नाहीसे करतात, हे त्याचे सूत्र. १९७८ साली विमानप्रवासात हेडफोन लावून बसलेले अमर बोस घरघरीने वैतागले आणि तिथेच गणिते मांडू लागले. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेले होते. बोस यांच्या कंपनीने १९८९ साली वैमानिकांसाठी असा हेडफोन बाजारात आणला. खालच्या सुरांची कंपने सावकाश होत असल्याने त्यांना उलटा ध्वनी वेळेत जोडणे तुलनेने सोपे जाते. म्हणजे वाटी जिथे कमी पडते, नेमके तिथेच हे तंत्र उपयोगी पडते. आता ते कानातल्या छोट्या इअरफोनमध्येही असते.

मुद्दा आवाजाचा

तेव्हा लहान चांगले की मोठे, यापेक्षा आपण आवाज किती ठेवतो हा प्रश्न महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांनी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, याहून अधिक नको. मुलांसाठी त्याच ४० तासांना ७५ डेसिबलची मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो: प्रौढांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. हा हिशोब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आम्हांला वाटते, विद्यार्थ्यांना 'हेडफोन लावू नका' म्हणण्यापेक्षा एक सवय लावावी. शांत खोलीत आवाज सुखद वाटेल इतका ठेवावा आणि तो आकडा लक्षात ठेवावा. बसमध्ये तोच आकडा पुरत नसेल, तर साधन कानात नीट बसलेले नाही किंवा गोंगाट अडवण्यात ते कमी पडते आहे असे समजावे. आवाज वाढवू नये. आणि रस्ता ओलांडताना, कानातले असो की कानावरचे, ते काढून हातात घ्यावे. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा हा अडवायचा गोंगाट नव्हे.