क्रीडमूरची चांदमारी

बंदूक हे मुळात युद्धाचे साधन. म्हणून तिचा इतिहास बहुधा लढायांच्या निमित्तानेच सांगितला जातो. परंतु तलवारीबरोबर पट्ट्याचे खेळ आले, धनुष्याबरोबर लक्ष्यवेधाचे पण आले, त्याप्रमाणे बंदुकीबरोबरही निशाणबाजीचा एक निर्वैर खेळ जन्मास आला. इंग्लंडात १८५९ साली राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी विंबल्डनच्या माळरानावर त्याचा पहिला मेळा भरला. त्या मेळ्याचा पहिला बार खुद्द व्हिक्टोरिया राणीने काढला. यंत्रावर अगोदरच नेम धरून ठेवलेल्या रायफलीच्या चापास रेशमी दोरी बांधली होती. राणीने ती ओढली आणि गोळी ४०० यार्डांवरील निशाणाच्या मध्याजवळ जाऊन बसली. तेव्हापासून चांदमारी ही केवळ पलटणीची कवाईत न राहता गृहस्थांची करमणूक झाली. या करमणुकीच्या इतिहासात २६ सप्टेंबर १८७४ हा दिवस विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या शनिवारी न्यूयॉर्कजवळ, एके काळी एका कुटुंबाची शेती असलेल्या जमिनीवर, आयर्लंडचे सहा आणि अमेरिकेचे सहा नेमबाज समोरासमोर आले.

ही जमीन चांदमारीस का लागली, ते प्रथम पाहिले पाहिजे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांच्यामध्ये यादवी युद्ध झाले. लाखो माणसांच्या हाती बंदुका आल्या; पण त्या चालवावयास त्यांना नीट कोणी शिकविले नव्हते. न्यूयॉर्कच्या नागरी पलटणीतील एक अधिकारी जॉर्ज वुड विंगेट याने ही उणीव प्रत्यक्ष पाहिली होती. शिपायांच्या बहुतेक गोळ्या वाया जातात, आणि याला कारण धैर्याचा अभाव नसून शिक्षणाचा अभाव आहे, हे त्याच्या मनाने घेतले. लष्करी विषयांना वाहिलेल्या एका पत्राचा संपादक विल्यम कॉनंट चर्च हाही त्याच मताचा होता. दोघांच्या खटपटीने नोव्हेंबर १८७१ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. यादवीतील एक सेनापती अँब्रोज बर्नसाइड त्याचा पहिला अध्यक्ष झाला.

संघ झाला, पण मैदान कोठे होते? दूर अंतराच्या नेमबाजीस लांबलचक, सपाट आणि वस्तीपासून अलग अशी जागा लागते. लाँग आयलंड बेटावर क्वीन्स परगण्यात क्रीड नावाच्या कुटुंबाचे शेत होते. ती जमीन पुढे एका आगगाडी कंपनीकडे आली होती. सुमारे ७० एकरांचा हा सपाट टापू संघाने १८७२ साली घेतला. खर्चाच्या कामी न्यूयॉर्क राज्याने २५,००० डॉलरांची मदत केली. जागा पाहावयास गेलेल्या मंडळींपैकी कर्नल हेन्री शॉ यास ते उघडे रान पाहून इंग्लंडातील ‘मूर’ म्हणतात त्या माळांची आठवण झाली, आणि त्यावरून ‘क्रीडमूर’ हे नाव पडले, असे सांगतात. जून १८७३ मध्ये हे मैदान खुले झाले.

त्याच वर्षी आयर्लंडच्या नेमबाजांनी विंबल्डन येथे इंग्लंड व स्कॉटलंड यांना मागे टाकून एल्को नावाची मानाची ढाल जिंकली होती. त्यांचा पुढारी मेजर आर्थर ब्लेनरहॅसेट लीच याने ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वर्तमानपत्रातून अमेरिकेच्या नेमबाजांना सामन्याचे आव्हान दिले. अमेरिकेची कीर्ती रानात हिंडून शिकार करणाऱ्या अचूक बंदूकवाल्यांविषयी होती. परंतु हजार यार्डांवरच्या शिस्तबद्ध चांदमारीचा तेथे कोणास फारसा अनुभव नव्हता. तरीही न्यूयॉर्कमधील हौशी नेमबाजांच्या ज्या क्लबाचा विंगेट अध्यक्ष होता, त्याने आव्हान स्वीकारले. क्लब नवा, मैदान नवे, आणि प्रतिपक्ष त्या काळचा अजिंक्य. असा हा विषम मेळ होता.

सामन्याच्या अटीत एक मोठी गंमत होती. आयरिश मंडळींनी डब्लिनच्या रिग्बी यांच्या कारखान्यातील रायफली वापराव्या आणि अमेरिकनांनी अमेरिकेत बनलेल्याच वापराव्या, असे ठरले. रिग्बीच्या रायफली ठासणीच्या होत्या. म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने बसवावयाची. जॉन रिग्बी हा कारखानदार स्वतःच आयरिश संघातून खेळावयास आला होता. अमेरिकेत दूर पल्ल्यासाठी तशी रायफल तयार नव्हती. तेव्हा रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन कारखान्यांनी काही महिन्यांत मागून भरण्याच्या नव्या रायफली तयार केल्या. सहांपैकी तिघांनी रेमिंग्टनची व तिघांनी शार्प्सची रायफल घेतली. मागून भरण्याची बंदूक शिपायास सोयीची खरी, पण अचूकपणात ती ठासणीच्या बंदुकीची बरोबरी करणार नाही, असे जाणती माणसेही त्या वेळी मानीत असत. सबब हा सामना दोन देशांचा तर होताच, शिवाय दोन शास्त्रांचाही होता.

आता खेळाचे स्वरूप. प्रत्येक नेमबाजाने ८००, ९०० आणि १,००० यार्डांवरून प्रत्येकी १५ गोळ्या झाडावयाच्या. म्हणजे माणशी ४५ आणि संघाच्या २७०. निशाण लोखंडी पत्र्यांचे, १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच. मधल्या ३ फुटी चौकोनास ४ गुण, त्याभोवतीच्या ६ फुटी चौकोनास ३, आणि उरलेल्या भागास २. याप्रमाणे संघाचे जास्तीत जास्त गुण १,०८० होत. हजार यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर. एवढ्या अंतरावरून तो मधला चौकोन केवढा दिसत असेल, याचा अंदाज घ्यावयाचा असेल तर अडीच सेंटिमीटर व्यासाचे एखादे नाणे २५ मीटरांवर ठेवून पाहावे. बंदुकीस टेकू देण्याची मनाई होती. मात्र नेमबाजाने हवे तसे पडावे, अशी मोकळीक होती. कोणी पालथे पडत, तर हेन्री फुल्टनसारखे काही उताणे पडून नळी पायांवर तोलीत. त्या अंतरावर गोळी पोहोचावयास सुमारे तीन सेकंद लागत. तेवढ्या वेळात वाऱ्याची एखादी झुळूक तिला फुटा-दोन फुटांनी सहज ढकलू शकते. म्हणून या खेळात डोळ्याइतकेच महत्त्व वारा ओळखण्यास असते. गोळी पत्र्यावर आदळली म्हणजे घंटेसारखा नाद उठे, आणि निशाणाजवळ खंदकात बसलेले नोंदकर काठीला लावलेली तबकडी वर करून गोळी कोठे लागली ते दाखवीत. पांढरी तबकडी म्हणजे मधला चौकोन.

सामन्याच्या दिवशी न्यूयॉर्कहून आगगाडीने आणि घोडागाड्यांनी हजारो लोक क्रीडमूरला लोटले. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंड सोडून आलेल्या लोकांची न्यूयॉर्कात मोठी वस्ती होती. त्यामुळे पाहुण्यांचा संघ हा त्या शहरास अगदीच परका नव्हता. पहिली फेरी ८०० यार्डांची झाली. अमेरिकेचे ३२६ आणि आयर्लंडचे ३१७ गुण झाले. नवशिक्यांनी नऊ गुणांची आघाडी घेतलेली पाहून प्रेक्षकांस जितका हर्ष झाला, तितकेच आश्चर्यही वाटले.

मध्यंतरी दोन्ही संघ एका पंक्तीस जेवावयास बसले. या भोजनाच्या वेळी मेजर लीच याने आपल्याबरोबर आणलेली एक सुंदर चांदीची झारी अमेरिकेच्या नेमबाजांना अर्पण केली. पुढे त्यांच्यात आपसात जी स्पर्धा होईल तिच्यासाठी हे पारितोषिक, असा तिच्यावर लेख होता. सामना अर्धाही झालेला नाही, आपला संघ मागे पडला आहे, आणि निकालाची वाट न पाहता पाहुणा यजमानास बक्षीस देतो, हा प्रकार स्पर्धेच्या इतिहासात विरळा. लीचने देणगीस जय-पराजयाची अट घातली नाही, ही त्यातली खरी थोरवी.

दुसरी फेरी ९०० यार्डांची. या फेरीत पुढे फार चर्चिली गेलेली एक चूक घडली. मैदानावर निशाणे एका ओळीत शेजारी शेजारी उभी होती आणि ज्याचे त्याला नेमून दिलेले होते. आयर्लंडच्या मिलनर याने नेम धरला, चाप ओढला, आणि गोळी बरोबर मधल्या चौकोनात लागली. पांढरी तबकडी वर आली खरी. परंतु ती शेजारच्या निशाणावर! नेम बिनचूक, पण लक्ष्य दुसऱ्याचे. नियमाप्रमाणे त्या गोळीस शून्य मिळाले. तरीही या फेरीत आयर्लंडचे ३१२ आणि अमेरिकेचे ३१० गुण झाले. आता अमेरिकेची आघाडी सात गुणांवर आली होती, आणि सर्वांत दूरचा पल्ला, जेथे आयरिशांचा हातखंडा, तो अजून बाकी होता.

हजार यार्डांच्या फेरीत ठासणीच्या रायफलींनी आपले पाणी दाखविले. आयर्लंडच्या सर्व गोळ्या झाडून झाल्या तेव्हा त्यांचे त्या फेरीचे गुण ३०२ आणि एकंदर ९३१ भरले. अमेरिकेचे ९३० झाले होते, आणि एकच गोळी उरली होती. ती झाडावयाची होती कर्नल जॉन बोडाइन याने. हा अत्यंत भरवशाचा नेमबाज म्हणून ओळखला जाई. परंतु थोड्याच वेळापूर्वी आल्याच्या सरबताची एक बाटली उघडताना ती फुटून त्याचा हात चांगलाच कापला होता. जखमेवर रुमाल बांधलेला होता आणि त्यातून रक्त येत होते. बदली माणूस घेण्याची सोय नव्हती. बोडाइन पालथा पडला, त्याने त्याच हाताने रायफल धरली आणि पुष्कळ वेळ नेम घेऊन बार काढला. नंतर तीन सेकंद गोळीच्या प्रवासाचे, आणि जवळजवळ तितकेच लोखंडाचा नाद परत येण्याचे. हजारो माणसे तेवढा वेळ श्वास रोधून उभी होती. नाद ऐकू आला, पांढरी तबकडी वर आली. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

व्यक्तिशः पाहिले तर सर्वांत अधिक गुण फुल्टनचे होते. १८० पैकी १७१. त्याच्या खालोखाल आयर्लंडचा रिग्बी, १६३. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो बोडाइन, आणि ते स्वाभाविकच होते. शेवटची वीट बसविणाराच भिंत बांधणारा ठरतो. शांतपणे हिशेब करणारास मात्र निराळे दिसते. मिलनरची ती एक गोळी आपल्या निशाणावर लागती, तर आयर्लंडचे ९३५ होऊन बोडाइनच्या अचूक नेमानंतरही एका गुणाने त्यांचीच सरशी होती. ५४० गोळ्यांच्या सामन्यात तीन गुणांचे अंतर म्हणजे एका अचूक गोळीचीही किंमत नव्हे. यावरून मागून भरण्याची बंदूक श्रेष्ठ ठरली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती निकृष्ट नाही, एवढे मात्र त्या दिवशी निर्विवाद सिद्ध झाले. आणि ठासणीच्या बंदुकीचे दिवस भरत आल्याची ती खूण होती.

मग या दिवसाचे महत्त्व कशात? स्नेहाचा सामना म्हणजे सैलपणाचा सामना, अशी एक समजूत आढळते. दोस्ती आहे, तेव्हा नियमाकडे थोडी डोळेझाक करावी, असे तिचे म्हणणे. क्रीडमूरला याच्या उलट घडले. पाहुण्याची गोळी दुसऱ्याच्या निशाणावर लागली तेव्हा तिला शून्यच धरले गेले. यजमानाचा हात कापला तेव्हा त्यालाही दुसरा माणूस मिळाला नाही. नियम दोघांनाही सारखाच कडक लागला, म्हणून निकालाबद्दल मनात अढी धरावयास कोणास जागा उरली नाही. उलट पुढल्या वर्षी, जून १८७५ मध्ये, अमेरिकेचे नेमबाज डब्लिनजवळच्या डॉलीमाउंट येथे आयरिशांचे पाहुणे झाले. तो सामनाही त्यांनी जिंकला, तरी स्नेहात उणेपणा आला नाही. मेजर लीच याने तर अमेरिकेच्या या प्रवासावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. १८७६ साली क्रीडमूरवरच आयर्लंड, स्कॉटलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका असे पाच संघ जमले, आणि पाल्मा चषकाची प्रथा सुरू झाली. दूर पल्ल्याच्या नेमबाजीत तो चषक आजही मानाचा समजला जातो.

क्रीडमूरचे मैदान मात्र फार दिवस टिकले नाही. राज्याचा उत्साह ओसरला, आणि न्यूयॉर्कची वस्ती वाढत वाढत जवळ येऊ लागली. १८९० साली ती जमीन राज्याकडे परत गेली. १८९२ पासून संघाचे मेळे न्यू जर्सीतील सी गर्ट येथे भरू लागले. १९१२ साली क्रीडमूरला मनोरुग्णांचे रुग्णालय निघाले, आणि न्यूयॉर्ककरांस ते नाव त्या रुग्णालयामुळेच अधिक परिचित आहे. आसपासच्या काही रस्त्यांना मात्र मस्केट, पिस्तूल, सेबर, विंचेस्टर अशी शस्त्रांची नावे अद्याप आहेत. रायफलींच्या जगात क्रीडमूर हा शब्द अचूकपणाचा पर्याय बनला. २००७ साली निघालेल्या एका काडतुसासही तेच नाव मिळाले.

जिंकणाऱ्या संघाचे ९३४ गुण आता ग्रंथांतूनच वाचावयाचे राहिले आहेत. पण पराभूत संघाच्या पुढाऱ्याने मध्यंतराच्या भोजनात दिलेल्या त्या चांदीच्या झारीसाठी अमेरिकेतील नेमबाज अजूनही हजार यार्डांवर नेम धरतात.