कोंड्याचा मांडा



मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेसाठी मीही काहीतरी लिहावे असा तुम्ही आग्रह धरलात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्तेचे लिहिणे मला जमणार नाही. पण चुलीपुढे बसून जे शिकले आणि वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून जे ऐकले, ते लिहिते. साले व आकडे तेवढे मुलाकडून पुस्तकांत पाहून घेतले आहेत.

'कोंड्याचा मांडा करणारी सून' अशी स्तुती आपण लहानपणापासून ऐकतो. स्तुती चांगलीच आहे. पण तिच्या घरात कोंडाच का उरला, हे मात्र कोणी विचारीत नाही. उलट घरात कमी पडले की बाईलाच बोल लागतो, 'हिला पुरवून खाता येत नाही.' आपल्याच मुलखाचा इतिहास पाहिला तर हा बोल किती खोटा आहे ते कळते.

आपले मुळशीचे खोरे म्हणजे आंबेमोहराचे माहेर. पण सासूबाई सांगत की तांदूळ पिकवणाराच्या ताटात तांदूळ क्वचितच पडे. आंबेमोहर पोत्यांत भरून पुण्याला जाई; घरात राही ती नाचणी, वरई आणि कण्यांची पेज. आषाढ-श्रावणात कणगी तळाला लागली की कुर्डूची, टाकळ्याची भाजी आणि हुलग्याचे माडगे यांवर दिवस निघत. पुढे टाटा कंपनीने मुंबईला वीज पुरविण्यासाठी धरण बांधायला घेतले. १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. बायाबापड्याही त्यात मागे राहिल्या नाहीत. पण शेवटी धरण झाले आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. बरीचशी जमीन सावकारांच्या नावे चढलेली. म्हणून भरपाईचा पैसाही कसणाराच्या हाती थोडाच आला. त्या वर्षी ज्या माउलीच्या घरी चूल पेटली नाही, तिला काटकसर येत नव्हती असे कोण म्हणेल?

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट. माझी आजी इंदापूरकडची. आपल्याकडे पाण्याने शेते बुडवली, तिच्याकडे १९७२ साली पाण्यावाचून ती करपली. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. परदेशातून आलेली तांबडी मिलो, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे; आणि पोरांना सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर सुमारे ४९ लाख माणसे होती. बऱ्या घरच्या बायका प्रथम तोंडावर पदर ओढून जात. मग सगळ्याच दिसू लागल्या, तेव्हा पदर आपोआप मागे सरला. आजी म्हणे, "भीक न्हवती गं ती, घाम गाळला व्हता आम्ही."

ही गोष्ट पुढे कायद्यानेही मान्य केली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितले की पंधरा दिवसांत द्यायचे, नाही तर भत्ता. त्याच्या पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. म्हणजे गरिबाला खाऊ घालणे हे कुणा एकाचे पुण्य राहिले नाही, साऱ्या समाजाचे कर्तव्य झाले.

तरी लाज गेली नाही. १९९९ साली शिधापत्रिकांना तीन रंग आले: पिवळा, केशरी आणि पांढरा. नवी नवरी म्हणून मी या गावात आले तेव्हा आमची पिवळी होती. दुकानाच्या रांगेत ती मी पिशवीत, भाजीखाली दडवून नेत असे. एकदा शेजारची एक बाई मागून बोलली, "धडधाकट माणसं आहेत, तरी फुकटचं लागतं." त्या दिवशी मी धान्य न घेताच परत आले. रात्री पोरांना भाताची पेज दिली आणि स्वतः पाणी प्याले. आज वाटते, त्यात माझी अब्रू राहिली नाही. पोरांचे पोट तेवढे रिकामे राहिले.

२०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट केली. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडील स्त्रीचे नाव आले. माणशी पाच किलो धान्य मिळते. तांदूळ तीन रुपये व गहू दोन रुपये किलो असे. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत आहे. ज्या कागदावर आपले नाव पहिले आहे, तो भाजीखाली का दडवावा?

आणि गंमत पाहा. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. जी नाचणी खाते म्हणून मुळशीच्या बाईला लोक हिणवत, तीच आता पुण्याच्या दुकानांत पाकिटातून महाग विकली जाते. धान्य तेच, बदलली ती बघणाऱ्याची नजर.

आता थोडे आपल्या घरचे. गेल्या वर्षी आपल्या स्नेहभोजनाला एक मैत्रीण आली नाही. 'पाहुणे आले होते,' असे तिने सांगितले. खरे कारण वर्गणी होते, हे मला मागाहून कळले. पाहुण्यांचे निमित्त मला ओळखू यायला हवे होते, कारण मीही एके काळी अशीच निमित्ते सांगितली आहेत. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की यंदा ठरावीक वर्गणी नको. एक डबा ठेवावा, जिला जे जमेल ते तिने टाकावे, कोणी किती टाकले ते कोणी पाहू नये. आणि पंगतीत आंबेमोहराच्या भाताशेजारी नाचणीची भाकरी असावी.

कोंड्याचा मांडा करणे ही बाईची हुशारी खरी. पण एखाद्या घरात कोंडाच उरला असेल, तर शेजारणीने दाणे घेऊन जावे आणि त्याची वाच्यता करू नये. एवढे आपल्या मंडळाने केले तरी पुष्कळ झाले.

चूकभूल पदरात घ्यावी.