गणिताच्या घरातले ग्रंथालयशास्त्र

ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘डेटा सायन्स’ शिकवावे की नाही, ही चर्चा अलीकडे आपल्याकडे बरीच ऐकू येते. तिचा सूर असा असतो, की पुस्तकांच्या कपाटांत रमलेल्या या विद्येला आकडेमोडीचा वारा कधी लागलाच नव्हता. इतिहास निराळे सांगतो. भारतात ही दोन शास्त्रे साठ वर्षांपूर्वीच एका छपराखाली आली होती. ती कशी आली आणि त्या सोयरिकीतून आज काय घेता येईल, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या ग्रंथपालन-शिक्षणाची सुरुवात बडोद्यात झाली. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि पुढच्याच वर्षी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. संस्थानात गावोगाव वाचनालये काढायची, फिरत्या पेट्यांतून पुस्तके पाठवायची, तर ती सांभाळणारी माणसे हवीत, हा त्यामागचा सरळ हिशेब. १९१५ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी असाच वर्ग चालवला. पुस्तक दाखल करणे, त्याची तालिका करणे, वर्गीकरण करणे आणि देवघेव सांभाळणे हा या शिक्षणाचा गाभा होता. काळाची गरजही तेवढीच होती.

या चौकटीत गणित आणले ते शियाली रामामृत रंगनाथन यांनी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. १९३३ मध्ये त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. ड्यूईच्या पद्धतीत विषयांचे कप्पे बहुतांशी तयार असत, पुस्तक योग्य कप्प्यात टाकायचे. रंगनाथनांनी विषयाचेच पैलू सुटे केले. ‘विदर्भातील कापसावरील बोंडअळीचा बंदोबस्त’ असा ग्रंथ घ्या. पीक कोणते, त्याचा कोणता भाग, कीड कोणती, उपाय काय, स्थळ कोणते आणि काळ कोणता, अशी त्याची फोड करायची आणि मग ठरलेल्या क्रमाने ती जोडायची. आज माहितीचा तक्ता मांडणारा माणूस रकाने ठरवताना हाच विचार करतो. एका रकान्यात एकच गोष्ट असावी, हा त्याचा पहिला धडा रंगनाथनांच्या विद्यार्थ्याला परका वाटण्याचे कारण नाही.

१९४८ मध्ये इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथे भरलेल्या परिषदेत रंगनाथनांनी ‘लायब्रमेट्री’ हा शब्द मांडला. अर्थमिती किंवा मानसमितीप्रमाणे ग्रंथालयाच्या कामकाजालाही संख्याशास्त्र लावावे, अशी ती कल्पना होती. माणसे किती लागतील, वाचकांची वर्दळ केव्हा असते, कोणते पुस्तक किती फिरते, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवायचे. पुढे जगभर रूढ झालेला ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा शब्द १९६९ मधला, म्हणजे एकवीस वर्षांनंतरचा.

दुसरीकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापली होती. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीची घडण याच संस्थेत झाली. भारतात आलेला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणकही १९५० च्या दशकाच्या मध्यात तिथेच बसवला गेला. या संस्थेच्या पंखाखाली १९६२ मध्ये बंगळुरूला डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर उभे राहिले आणि त्याची धुरा रंगनाथनांनी वाहिली. संख्याशास्त्राच्या संस्थेने ग्रंथपालांच्या शिक्षणाला घरात जागा दिली, ही घटना माझ्या मते आपल्या शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

रंगनाथनांची पाच सूत्रे विद्यापीठांनी उचलली आणि परीक्षेसाठी पाठ करवली. त्यांचे गणित मात्र त्याच ओढीने कोणी उचलले नाही. संख्याशास्त्र प्रामुख्याने ‘संशोधनपद्धती’च्या पेपरात राहिले आणि संगणक वेगळ्या पेपरात गेला. कला शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याला सरासरी आणि विचलनाची सूत्रे शिकवली गेली, पण ग्रंथालयातल्या दाखल नोंदवहीशी त्यांचे नाते काय, हे सांगायचे राहून गेले.

हे नाते किती जवळचे आहे, ते मराठीतल्या एकाच उदाहरणावरून दिसेल. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. नुसत्या यंत्राकडे यादी दिली, तर ते तीन लेखक मोजील. तालिकाकार मात्र ‘गोविंदाग्रज – पाहा गडकरी’ असे पत्र घालून हा घोळ आधीच मिटवतो. रुग्णालयातील नोंदी असोत की बँकेतील खाती, एकाच माणसाची तीन नावे एकत्र आणणे हे डेटाच्या कामातले मोठे आणि किचकट काम असते. आपल्या तालिकाकारांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. दुसरीही एक शिस्त त्यांच्याकडे आहे: कोणी काय वाचले, हे तिसऱ्याला सांगायचे नाही. लोकांच्या माहितीवर चालणाऱ्या आजच्या व्यवसायाला या शिस्तीची फार गरज आहे.

म्हणून अभ्यासक्रमात पायथॉन किंवा एसक्यूएलचा एक पेपर नुसता चिकटवून भागणार नाही. विद्यार्थ्याच्या हाती त्याच्याच महाविद्यालयाची दहा वर्षांची देवघेव द्यावी, वाचकांची नावे काढून. नोंदी स्वच्छ करायला लावाव्यात. कोणती पुस्तके एकदाही बाहेर गेली नाहीत, परीक्षेच्या महिन्यात काय वाढते, पुढच्या वर्षीचा निधी कुठे खर्चावा, असे प्रश्न विचारावेत. आज्ञावली त्या ओघात शिकता येते, संख्याशास्त्रही. ओळखीच्या कपाटापासून निघालेल्या विद्यार्थ्याला आकड्यांची भीती वाटत नाही.

हे केले नाही, तर काय होईल? तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही आणि पदवी घेतलेली मुले शहरात येऊन दुसऱ्याने आखलेल्या रकान्यांत नोंदी भरत बसतात. रकाने आखण्याची विद्या ज्यांच्या शास्त्राने विकसित केली, त्यांनीच ते नुसते भरत राहावे, यासारखी नामुष्की नाही. १९६२ मध्ये उघडलेले दार अजून बंद झालेले नाही. आपल्या विद्यापीठांनी त्यातून आत जायचे आहे.