मटक्याचा आकडा आणि भिशीची चिठ्ठी

भिशीची चिठ्ठी उघडली की कुणीतरी पुटपुटतेच, "बरोबर हिचंच नाव कसं निघालं?" सोडत खरी की हातचलाखी, हे ओळखायचं कसं? त्यासाठी आज आपण मुंबईच्या वरळीत जाऊ.

तिथल्या गिरणगावात आकड्यांचा जुगार जुना. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडला, काय बंद झाला, यावर लोक पैसे लावत. भाव सातासमुद्रापार ठरायचा, तो फिरवणं इथल्या कुणाच्या हातात नव्हतं. १९६१ साली ते भाव येणं थांबलं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आकडा सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी 'न्यू वरळी'. मडक्यातून चिठ्ठी काढायची, म्हणून नाव मटका. पुढे चिठ्ठ्यांऐवजी पत्ते आले.

खेळणारे जुन्या आकड्यांचे तक्ते जपून ठेवत. त्या तक्त्यांचा एक उपयोग खरा आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे. शंभर सोडतींत प्रत्येक साधारण दहादा यावा. सात वेळा किंवा तेरा वेळा आला तर ते चालायचंच. तीस वेळा आला तर समजावं, पाणी मुरतंय. पण पुढचा आकडा तक्ता सांगत नाही. आणि कुणी लावलेले पैसे आधी बघून, सर्वांत कमी पैशांचा आकडा 'काढला', तर तक्ता सरळच दिसेल!

शिवाय सोडत प्रामाणिक असली तरी आकडे दहा आणि बक्षीस नऊपट. म्हणजे सरासरी दर दहा रुपयांतला एक रुपया चालवणाऱ्याचाच. कामगाराच्या पगारातून जायचा तो घरच्या किराण्याचा रुपया.

आता आपली भिशी. बारा जणी, बारा चिठ्ठ्या, प्रत्येकीची पाळी एकदाच. इथे मोजून काहीच कळणार नाही, म्हणून रीत तपासायची. कागद एकसारखे, घड्या एकसारख्या. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचून, मोजून डब्यात टाका, डबा चांगला हलवा. काढणारीने आत पाहू नये. शेवटी उरलेल्याही उघडून दाखवा.

शंका घेणाऱ्या बाईवर रागावू नका. डबा तिच्याच हाती द्या.