मालक-चालकाचा मोबदला (अमेरिकेतील ट्रक वाहतूक)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मालवाहतूक व्यवसायात जो चालक स्वतःच्या मालकीचा ट्रक वाहतूक कंपनीला कराराने उपलब्ध करून देतो आणि तो स्वतःच चालवतो, त्यास मालक-चालक किंवा ओनर-ऑपरेटर म्हणतात. तो कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार मानला जातो. त्यास पगार मिळत नाही; ठरलेल्या दराने मोबदला मिळतो आणि डिझेल, टायर, दुरुस्ती, ट्रकचे हप्ते, विम्याचा काही भाग व कर यांचा भार त्याच्यावर पडतो. त्यामुळे कंपनीने जाहीर केलेला दर हे त्याचे उत्पन्न नव्हे. त्या दरातून सर्व खर्च वजा जाता हाती काय उरेल याचा अंदाज करारापूर्वीच बांधणे, यास मोबदला-प्रस्तावाचे मूल्यमापन म्हणता येईल.

पार्श्वभूमी

१९३५ च्या मोटार कॅरियर कायद्याने आंतरराज्य ट्रक वाहतुकीचे परवाने आणि दर आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या नियंत्रणाखाली आणले. १९८० च्या त्याच नावाच्या कायद्याने हे नियंत्रण बरेच सैल केले. नव्या कंपन्यांना व्यवसायात शिरणे सोपे झाले, स्पर्धा वाढली आणि दर ठरवण्याचे काम बाजाराकडे गेले. मालक-चालकांची संघटना ‘ओनर-ऑपरेटर इंडिपेंडंट ड्रायव्हर्स असोसिएशन’ ही त्याआधीच, १९७३ मध्ये, खनिज तेलाच्या टंचाईच्या काळात स्थापन झाली होती. १९७९ मध्ये आयोगाने ट्रक-करारांत पारदर्शकता आणणारे नियम केले. आयोग १९९५ अखेर बरखास्त झाला. हे नियम मात्र आजही संघीय नियमसंहितेच्या शीर्षक ४९, भाग ३७६ मध्ये लागू आहेत.

मोबदल्याच्या पद्धती

मुख्य पद्धती दोन आहेत. पहिलीत प्रत्येक मैलामागे ठराविक रक्कम मिळते, दुसरीत मालाच्या भाड्याचा ठराविक टक्का. बाजार तेजीत असताना टक्केवारी लाभदायक ठरते. मंदीत भाडे उतरले की चालकाचा वाटाही त्याच प्रमाणात उतरतो. मैलाचा दर त्यामानाने स्थिर असतो, पण तेजीचा लाभ त्यात कंपनीकडे राहतो.

मैलाच्या दराबाबत पहिला प्रश्न असा की, कोणते मैल? काही कंपन्या माल भरलेल्या धावेचेच पैसे देतात, काही रिकाम्या धावेचेही देतात. माल उतरवून पुढच्या मालापर्यंत रिकामे जावे लागते तेव्हाही डिझेल जळते आणि टायर झिजतात. महाराष्ट्रातील ट्रकमालक ‘रिटर्न भाडे’ मिळाले की नाही यावर फेरीचा हिशेब करतो, तोच हा प्रश्न. शिवाय अंतर मोजण्याच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत. दोन गावांमधील सर्वांत लहान मार्गाचे कोष्टकातील अंतर आणि ट्रकला प्रत्यक्ष जाण्याजोग्या मार्गाचे अंतर यांत फरक पडतो, आणि पहिल्या पद्धतीत तो फरक चालकाच्या खिशातून जातो.

टक्केवारीबाबत प्रश्न वेगळा: टक्का कशाचा? ग्राहकाने दिलेल्या पूर्ण भाड्याचा, की कंपनीने आपल्याच दलाली शाखेचे कमिशन आधी काढून घेतल्यावर उरलेल्या रकमेचा? एका कंपनीचे ७५ टक्के दुसरीच्या ७० टक्क्यांहून कमी भरू शकतात, ते यामुळेच.

तिसरी बाब इंधन अधिभाराची. संघीय ऊर्जा माहिती प्रशासन दर आठवड्याला डिझेलची सरासरी किंमत प्रसिद्ध करते. ती करारातील आधारकिमतीहून जितकी जास्त, त्यास मैल-प्रतिगॅलनच्या गृहीत आकड्याने भागून प्रतिमैल अधिभार काढण्याची पद्धत रूढ आहे. ग्राहकाकडून घेतलेला अधिभार चालकाला पूर्ण मिळालाच पाहिजे, असे बंधन भाग ३७६ मध्ये नाही. तो करारात लिहून घ्यावा लागतो.

काल्पनिक उदाहरण

एक चालक आठवड्याला २,५०० मैल धावतो, त्यांपैकी ४०० मैल रिकामे, असे समजू. पहिली कंपनी सर्व मैलांना १.२५ डॉलर आणि भरलेल्या मैलांना ०.४० डॉलर अधिभार देऊ करते. दुसरी कंपनी अधिभारासह भाड्याचे ७० टक्के देते. भरलेल्या मैलाचे भाडे सरासरी २.६० डॉलर असल्याने चालकाचा वाटा मैलामागे १.८२ डॉलर पडतो. १.८२ आणि १.२५ शेजारी ठेवले, तर दुसरा प्रस्ताव पुष्कळच उजवा वाटतो. प्रत्यक्षात पहिल्यातून आठवड्याला ३,९६५ डॉलर मिळतात, तर दुसऱ्यातून ३,८२२. कारण १.८२ चा दर २,१०० मैलांनाच लागू आहे.

आता खर्च. गॅलनला ६.५ मैल (लिटरला सुमारे पावणेतीन किलोमीटर) आणि डिझेल ३.८० डॉलर धरल्यास इंधनाला सुमारे १,४६२ डॉलर लागतात. ट्रकचा हप्ता ५००, देखभाल व टायर ५००, विमा १५० आणि परवाने, नोंदणी वगैरे ६० डॉलर धरले, तर एकूण खर्च २,६७२ होतो. पहिल्या प्रस्तावात १,२९३ डॉलर उरतात, दुसऱ्यात १,१५०. आठवड्यात ७० तास काम झाले असेल, तर पहिल्या प्रस्तावातही तासाला साडेअठरा डॉलरच्या आतच पडतात.

वर्षाला ४८ आठवडे काम आणि चार आठवडे ट्रक उभा, असे धरू. उभ्या ट्रकचाही हप्ता, विमा व इतर स्थिर खर्च ७१० डॉलर चालूच राहतो. वर्षाअखेर ५९,२२४ डॉलर उरतात. त्यावर सुमारे ८,३७० डॉलर स्वयंरोजगार कर लागतो, कारण सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर यांचे मालकाचे आणि नोकराचे दोन्ही वाटे मिळून होणारा १५.३ टक्के भार त्याला एकट्याला उचलावा लागतो. उरतात सुमारे ५०,८५० डॉलर. कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकडेवारीनुसार अवजड ट्रकच्या पगारी चालकाचे मध्यक वार्षिक वेतन ५४,३२० डॉलर होते. त्यातून त्याचा ७.६५ टक्के वाटा गेल्यावर सुमारे ५०,१६५ उरतात. म्हणजे लाखाच्या आसपास किमतीचे वाहन, त्याचे कर्ज आणि बिघाडाची जोखीम पत्करून मिळालेली वाढ जेमतेम सातशे डॉलर. हा हिशेब ढोबळ आहे. घसारा व प्रवासभत्त्याच्या सवलतींनी कर कमी होऊ शकतो, आणि कर्ज फिटल्यावर ट्रक चालकाचा राहतो. मालक-चालकाचा खरा नफा बहुधा या शेवटच्या बाबीतच असतो.

कायदेशीर संरक्षण

भाग ३७६ नुसार मोबदला करारात स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. आवश्यक कागदपत्रे सादर केल्यापासून १५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. टक्केवारीचा करार असल्यास भाड्याच्या बिलाची प्रत चालकाला द्यावी लागते. वरील ‘टक्का कशाचा’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच सापडते. मोबदल्यातून होणाऱ्या कपातींची नोंद व त्यांच्या हिशेबाची रीत करारात असावी लागते. कंपनीकडूनच डिझेल, विमा किंवा साहित्य घेण्याची सक्ती कराराची अट म्हणून करता येत नाही. अनामतीवर व्याज द्यावे लागते आणि करार संपल्यावर ४५ दिवसांत तिचा हिशेब चुकता करावा लागतो. दर किती असावा, याबाबत मात्र नियम काही सांगत नाहीत.

माल नाकारण्याची मुभा, माल भरण्या-उतरवण्याच्या खोळंब्याचे पैसे आणि आठवड्याला किमान किती मैल मिळतील, या गोष्टीही करारावरच अवलंबून असतात. खोळंब्याचा प्रश्न किरकोळ नाही. संघीय नियमांनुसार कामाला सुरुवात केल्यापासून १४ तासांच्या आतच जास्तीत जास्त ११ तास वाहन चालवता येते. गोदामाच्या दारात गेलेले पाच तास त्या दिवशी परत मिळत नाहीत.

भाडेखरेदी योजना

काही कंपन्या चालकाला स्वतःचाच ट्रक हप्त्याने देतात आणि माल पुरवून हप्ता मोबदल्यातून कापून घेतात. येथे दर देणारा, काम देणारा आणि कर्ज देणारा एकच असतो. काम कमी मिळाले तरी हप्ता चुकत नाही, आणि कंपनी सोडल्यास ट्रकही जातो; म्हणून अशा प्रस्तावात दरापेक्षा करार मोडण्याच्या अटी आधी वाचाव्या लागतात. २०१९ मध्ये ‘न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरराज्य वाहतुकीतील स्वतंत्र कंत्राटदारांचे करारही संघीय लवाद कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यान्वये नेमलेल्या ट्रक-करारविषयक कृतिदलाने जानेवारी २०२५ मधील अहवालात भाडेखरेदी योजनांवर बंदी घालण्याची शिफारस केली.