मैमून : बरकत आणि माकड

मुलीचे नाव मैमूना ठेवायचे ठरते. घरातला एखादा पोरगा मोबाईल काढतो आणि सांगतो, "अहो, याचा अर्थ तर माकड!" झाले, आजीने सुचवलेले नाव तिथेच बारगळते.

पोराची माहिती अर्धी खरी आहे. फारसीत मैमून म्हणजे माकडच. पण शब्द मूळचा अरबी, आणि अरबीत माकडाला 'किर्द' म्हणतात. कुरआनातही तोच शब्द येतो. मैमून 'युम्न'पासून निघतो. युम्न म्हणजे बरकत, शुभ. उजवा हात या अर्थाचा 'यमीन' त्याच धातूचा. मैमून म्हणजे ज्याला बरकत लाभली तो.

मग हा शब्द माकडाला का चिकटला? जाणकार सांगतात, भीतीमुळे. माकडाचे दर्शन अपशकुनी मानत, म्हणून त्याचे नाव टाळून उलट शुभ नाव द्यायचे. हे विचित्र वाटायला नको. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, 'वाढते'. घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. जीव घेणाऱ्या रोगाला आपण 'देवी' म्हटले. अरबांनी तर साप चावलेल्याला 'सलीम', म्हणजे सुखरूप, म्हटले आणि जिथे तहानेने माणूस मरतो त्या वाळवंटाला 'मफाझा', सुटकेची जागा!

हे टोपणनाव पुढे फार फिरले. तुर्कीत मायमून, ग्रीकमध्ये मैमू, हंगेरीत मायोम, रुमानियात मायमुत्सा. या सगळ्यांचा अर्थ माकड. बरकत वाटेत कुठेतरी गळून पडली.

माणसांच्या नावात मात्र ती टिकली. कुर्तुबात जन्मलेला, इजिप्तमध्ये सुलतान सलाहुद्दीनच्या दरबाराशी जोडलेला थोर यहुदी तत्त्वज्ञ आणि हकीम मूसा इब्न मैमून (मृत्यू 1204). युरोप त्याला मैमोनिडीस म्हणतो, म्हणजे मैमूनचा मुलगा. वडिलांच्या या नावात कोणाला माकड दिसले नाही.

आणि उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना बिन्त हारिस (र.), खालिद बिन वलीद यांच्या मावशी. त्यांचे आधीचे नाव बर्रा होते. हिजरी 7 मध्ये मक्केजवळ सरिफ येथे निकाह झाला आणि मैमूना हे नाव त्यांना खुद्द पैगंबरांनी (स.) दिले. पैगंबर अरबी बोलत होते, फारसी नव्हे. मोबाईलवर अर्थ शोधताना निदान कोणत्या भाषेतला अर्थ दिलाय, एवढे तरी बघावे.